मास्तरांचा नट



कार्यकर्त्यांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'डॉ. श्रीराम लागू' एवढंच कळवलं होतं. निमंत्रणपत्रिका हातात आली, तर त्यावर छापलेलं, 'नटसम्राट डॉ. श्रीराम लागू'. ज्या गोष्टीशी आज भांडायचं आहे ती मथळ्यातच येऊन बसली. ठीक आहे. तिथूनच सुरुवात करू. (आणि हो, आम्ही म्हणजे आम्ही एकटेच. पस्तीस वर्षं वर्गात 'आता आपण पाहू' म्हणत म्हणत ही खोड लागली, ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. सांभाळून घ्या.)

'नटसम्राट' रंगभूमीवर आलं ते डिसेंबर १९७० मध्ये. वि. वा. शिरवाडकरांचं लेखन, गोवा हिंदू असोसिएशनची निर्मिती, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं दिग्दर्शन. पुढे दौऱ्यावर ते आमच्या गावी आलं. आम्ही तेव्हा बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. वडिलांनी दोन तिकिटं काढली, आणि त्यांनी स्वतःहून नाटकाची तिकिटं काढणं ही आमच्या घरातली मोठीच घटना होती. तिसऱ्या अंकात वडील रडले, आम्हीही रडलो. शेजारच्या खुर्चीवरचे एक गृहस्थ तर उपरणं तोंडात धरून बसले होते. घरी आल्यावर वडिलांनी चहा घेतला, ट्रंक उघडली, घराचे कागद बाहेर काढून पाहिले, परत ठेवले आणि ट्रंकेला कुलूप लावलं. त्या ट्रंकेला त्याआधी कुलूप नव्हतं.

आम्ही तिथेच उभे होतो. वडील काही बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही. पण त्या रात्री झोप लागली नाही. थिएटरात आम्ही दोघं एकाच माणसासाठी रडलो होतो, आणि घरी येईस्तोवर आम्ही मुलगा झालो होतो, नाटकातला!

हे कुलूप आमच्या डोक्यात पुष्कळ वर्षं राहिलं. पुढे आम्हाला असं वाटू लागलं, की 'नटसम्राट'ची गोची तिथेच आहे. शिरवाडकरांनी 'किंग लिअर' समोर ठेवून हे नाटक लिहिलं हे सर्वांना ठाऊक आहे. पण लिअर पहिल्याच प्रवेशात एक भयंकर मूर्खपणा करतो. तो मुलींना प्रेमाचं माप विचारतो, आणि जी माप द्यायला नकार देते तिला घालवून देतो. त्याच्या दुःखात त्याचा स्वतःचा वाटा आहे. गणपतराव बेलवलकरांचा वाटा कोणता? त्यांनी होतं नव्हतं ते मुलांना देऊन टाकलं, म्हणजे औदार्य केलं. औदार्य हा दोष ठरला की प्रेक्षकाला काही अडचणच उरत नाही. तो निश्चिंत मनाने म्हाताऱ्याच्या बाजूला जाऊन बसतो. म्हातारे स्वतःसाठी रडतात. तरुणही रडतात, कारण नाटकातली मुलं आपण नव्हे अशी त्यांची खात्री असते. आमचीही होती, ट्रंक उघडेपर्यंत.

मग लागूंनी काय केलं? त्यांनी या माणसात अहंकार भरला. आम्हाला आठवतो तो बेलवलकर बिचारा नव्हता. तो बसायचा तोसुद्धा सिंहासनावर बसल्यासारखा, आणि नातीशी खेळतानाही थोडासा 'प्रयोग' करत असायचा. घरात असा माणूस सांभाळणं किती कठीण असेल, हे लागूंच्या गणपतरावांकडे बघून कळायचं. शिरवाडकरांनी सुनेला बाजू दिली नाही, ती लागूंनी थोडीशी दिली, स्वतःच्याच पात्राच्या विरोधात जाऊन! ही गोष्ट फार थोड्या लोकांनी पाहिली असं आमचं मत आहे. बाकीच्यांचे डोळे तोवर भरून आलेले असत.

आता गंमत बघा. त्याच १९७० साली लागूंनी विजय तेंडुलकरांचं 'गिधाडे' दिग्दर्शित केलं. तिथेही म्हातारा बाप आहे, इस्टेट आहे, मुलं आहेत, आणि बापाला घराबाहेर काढणं आहे. पण तिथला बापही गिधाडच. त्याने आपल्या भावाला फसवलेलं आहे, मुलांनी तेच शिक्षण घेतलं आहे. त्यातल्या साडीवरच्या तांबड्या डागाला सेन्सॉरने हरकत घेतली, तेव्हा डाग निळा करून 'हा निळा डाग तांबडा समजावा' असं प्रेक्षकांना सांगण्याची युक्ती लागूंनी काढली, हा किस्सा तुम्ही ऐकलेलाच असेल. आम्हाला किश्शापेक्षा तारीख महत्त्वाची वाटते. एकाच वर्षात एकच माणूस कुटुंबावरची ही दोन नाटकं उभी करतो. एकाला महाराष्ट्र डोक्यावर घेतो, दुसऱ्याने त्याच महाराष्ट्राला शिसारी येते. आणि नटाचं नाव घेताना आपण पन्नास वर्षांनंतरही त्यातलं एकच घेतो.

थोडं चरित्र सांगायला हवं, तरुण मंडळी ऐकत असतील. जन्म साताऱ्याचा, १६ नोव्हेंबर १९२७. पुण्यात वैद्यकीय शिक्षण, कान-नाक-घशाचे शल्यविशारद. पुण्यातच भालबा केळकरांबरोबर प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनमध्ये हौशी नाटकं. पुढचं प्रशिक्षण कॅनडा आणि इंग्लंडमध्ये, मग टांझानियातल्या टाबोराला डॉक्टरकी. १९६९ मध्ये वसंत कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू'पासून पूर्णवेळ नट. निधन पुण्यात, १७ डिसेंबर २०१९ रोजी. घशाचे डॉक्टर असल्यामुळे त्यांचा आवाज असा होता, असं लोक हमखास सांगतात. या न्यायाने हाडांचे डॉक्टर उत्तम नाचायला हवेत. ते सोडून द्या. महत्त्वाचं एवढंच, की पूर्णवेळ रंगभूमीवर हा माणूस आला तो चाळिशी उलटून गेल्यावर. त्याला तिथे तारुण्य मिळालंच नाही. नायिकेभोवती फिरण्याची वर्षं दवाखान्यात गेली. आला तो थेट कर्त्या, थकलेल्या, जाब द्यावा लागणाऱ्या माणसांच्या भूमिकांत.

आणि इथे आम्ही आमच्या मुद्द्यावर येतो. लागूंच्या भूमिका एकामागे एक ठेवून बघा. १९७२, 'पिंजरा', गावचा शिक्षक. त्याच वर्षी कानेटकरांचं 'हिमालयाची सावली', महर्षी कर्व्यांच्या आयुष्यावरून सुचलेले नानासाहेब भानू. गो. पु. देशपांड्यांचं 'उद्ध्वस्त धर्मशाळा', विद्यापीठातला डाव्या विचारांचा प्राध्यापक. 'सामना'तला माणूस, ज्याला सगळे नुसतं 'मास्तर' म्हणतात. मृणाल सेन यांच्या 'एक दिन अचानक'मधला इतिहासजमा झालेला प्रोफेसर. आणि १९९९ मध्ये मकरंद साठे यांचं 'सूर्य पाहिलेला माणूस', अतुल पेठे यांचं दिग्दर्शन, त्यात सॉक्रेटिस. शिक्षक, शिक्षक आणि शिक्षक. डॉक्टरकी केलेला हा नट आयुष्यभर मास्तरांचा नट होता.

ही नुसती यादी झाली असती. पण आणखी एक गोष्ट आहे. या प्रत्येक मास्तरावर कुठे ना कुठे खटला चाललेला आहे.

'पिंजरा'त तो अक्षरशः चालतो. व्ही. शांतारामांचा चित्रपट, राम कदमांचं संगीत, तमाशाची झगमग. लोक गाण्यांसाठी गेले, जावंच. पण त्याच्या कथेत एक विलक्षण कोडं आहे. तमाशातल्या बाईच्या मोहात पडलेले गुरुजी गावाच्या लेखी मेलेले आहेत, गावाने त्यांचा पुतळा उभारलेला आहे, आणि जिवंत गुरुजींवर आरोप येतो तो गुरुजींच्याच खुनाचा. 'मीच तो' एवढं म्हटलं की सुटका आहे, पण मग पुतळा पडतो. आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात तादात्म्याचा प्रश्न शिकवताना हे उदाहरण देत असू. मुलं आधी हसायची, मग गप्प व्हायची. कारण हा प्रश्न नुसता तर्कशास्त्रातला नाही. आदर्श वाचवण्यासाठी माणसाने स्वतःला खोटं ठरवावं का? चित्रपट याचं उत्तर 'हो' असं देतो आणि त्याला हार घालतो. आम्हाला ते उत्तर मान्य नाही. लागूंनाही ते पुरतं मान्य नसावं असं वाटतं, कारण शेवटाकडे त्यांच्या चेहऱ्यावर त्यागाचं तेज नाही, लाज आहे. चित्रपट एक बोलतो आणि नट दुसरं.

'हिमालयाची सावली'त न्यायाधीश घरातच आहे. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य देणाऱ्या माणसाची बायको, बयो. शांता जोगांनी ती अशी केली, की समाजसुधारकांच्या चरित्रांत सुटलेली पानं परत जोडल्यासारखं वाटलं. लागूंचं मोठेपण इथे वेगळं आहे. त्यांनी नाटक तिला घेऊ दिलं.

'उद्ध्वस्त धर्मशाळा'विषयी बोलताना आम्हाला जरा पाणी प्यावं लागेल.

त्या नाटकात रूढ अर्थाने काही घडत नाही. एका प्राध्यापकाची विद्यापीठाची समिती चौकशी करते. प्रश्न, उत्तरं, आणि मधे त्याचं आयुष्य. समितीतले लोक राक्षस नाहीत, सभ्य आहेत, चहा घेणारे आहेत. लागूंनी ते बसवलं आणि मुख्य भूमिकाही केली. आम्ही पाहिलं तेव्हा आम्हाला ते अतिशय आवडलं होतं. प्राध्यापक मंडळींना आवडणारच, कारण आम्ही सगळे स्वतःला त्या खुर्चीत बसलेलं बघत होतो, प्रश्नांना बाणेदार उत्तरं देताना. पुढे काही वर्षांनी आम्ही नोकरीला होतो तिथे एका सहकाऱ्याची चौकशी झाली. कारण किरकोळ होतं आणि खरं कारण ते नव्हतं. समिती तीन जणांची. त्यातले एक आम्ही. त्याने उत्तरं दिली, ती चांगली होती. आम्ही त्याला एकही प्रश्न विचारला नाही, आणि अहवालावर सही केली. नाटक बघताना समितीच्या खुर्च्यांकडे आमचं लक्षच गेलं नव्हतं! आज मागे बघताना आठवतं ते असं: लागू उत्तर देण्याआधी थांबायचे, आणि त्या थांबण्यात त्यांची नजर समितीतल्या एकेका माणसावर जायची. रागाने नव्हे. रोग्याकडे डॉक्टर बघतो तशी. ती नजर आम्ही तेव्हा 'अभिनय' म्हणून पाहिली.

असो. 'सामना'कडे येऊ. हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा-संवाद तेंडुलकर. साखर कारखानदार हिंदूराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले, आणि कुठून तरी गावात येऊन पडलेला, दारूत बुडालेला, एकेकाळचा गांधीवादी स्वातंत्र्यसैनिक मास्तर म्हणजे लागू. मारुती कांबळे नावाच्या माणसाचं पुढे काय झालं, एवढा एकच प्रश्न मास्तर विचारत राहतो. प्रश्न साधा आहे. विचारणाऱ्याला मात्र काही किंमत नाही. त्याला दारू पाजणारा, खायला घालणारा, छप्पर देणारा तोच माणूस आहे ज्याला तो प्रश्न विचारतो आहे.

आमच्या मते लागूंच्या पडद्यावरच्या कामातलं हे सर्वोत्तम. आणि तरी एक गोष्ट बोलून टाकतो, इथे काही मंडळींना ती रुचणार नाही. काही प्रसंगांत निळूभाऊ त्यांच्यावर मात करतात. निळूभाऊ आले सेवादलाच्या कलापथकातून, लोकनाट्यातून. कॅमेऱ्यासमोर काहीच न करण्याची विद्या त्यांना अवगत होती. नुसती मान तिरकी करून ऐकायचे. लागू आले शब्द हे प्रमुख हत्यार मानणाऱ्या रंगभूमीवरून. त्यांचं थरथरणं, शब्द ताणणं, वाक्याच्या मध्ये श्वास तोडणं, हे कधी कधी शेवटच्या रांगेसाठी केल्यासारखं दिसतं, आणि कॅमेरा तर पहिल्या रांगेच्याही पुढे बसलेला असतो. पण हीच विसंगती चित्रपटाला उपयोगी पडली आहे. सत्ता कमी बोलते, कारण तिला जास्त बोलावं लागत नाही. ज्याच्या हातात काही नाही त्याला मोठ्याने बोलावं लागतं. दोन अभिनयपद्धतींचा हा सामना तेंडुलकरांनी लिहिलेला नव्हता. तो दोन नटांनी आपल्या शरीरातून आणला. यानंतर याच दिग्दर्शक-लेखकांच्या 'सिंहासन'मध्ये लागू विश्वासराव दाभाडे म्हणून सत्तेच्या बाजूला गेले आणि निळूभाऊ झाले पत्रकार दिगू टिपणीस. जागांची अदलाबदल. लागोपाठ दोन्ही चित्रपट बघा, एका संध्याकाळी नाही जमलं तर दोन संध्याकाळी.

हिंदी चित्रपटांबद्दल थोडक्यात. शंभराहून जास्त केले. बाप, न्यायाधीश, डॉक्टर, पोलीस अधिकारी. त्यातले बरेचसे न केले असते तरी चाललं असतं, असं म्हणायला आम्हाला संकोच वाटत नाही. त्यांना काय वाटायचं ते वेगळं. पण 'घरौंदा'तले मोदी बघा. तरुण मुलीशी लग्न करणारा, हृदयविकार असलेला श्रीमंत मालक. चित्रपट सुरू होताना तो खलनायक व्हायला तयारच आहे. लागूंनी त्याला इतकं सभ्य केलं, की हिशेब करणारा तरुण नायकच लहान होऊन जातो. त्या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं, योग्यच झालं.

आणि 'एक दिन अचानक'. संध्याकाळी पाऊस पडतो आहे, प्रोफेसर घरातून बाहेर पडतात आणि परत येत नाहीत. बाकीचा चित्रपट म्हणजे बायको आणि मुलं त्यांच्याविषयी बोलतात. हळूहळू त्यांच्या ध्यानात येतं, की आपण ज्यांना मोठे विद्वान समजत होतो ते बहुधा साधारणच होते. लागू पडद्यावर थोडा वेळच आहेत. आरोपी गैरहजर आणि खटला चालू, असा प्रकार. आम्ही हा चित्रपट पाहून घरी आलो तेव्हा आमच्या नावावर एक पुस्तक आणि पाच-सहा लेख होते. आमची मुलगी तेव्हा शाळेत होती. तिने विचारलं, "बाबा, सिनेमा कसा होता?" आम्ही म्हटलं, "संथ होता."

आता सॉक्रेटिस. लागू विवेकवादी होते, उघडपणे निरीश्वरवादी होते. देवाला निवृत्त करा, असं त्यांनी लिहिलं आणि त्याबद्दल शिव्या खाल्ल्या. डॉ. नरेंद्र दाभोलकरांबरोबर 'विवेकजागर'चे जाहीर वाद-संवाद केले. त्यात दाभोलकर अंधश्रद्धा निर्मूलन समितीची देवाबाबतची तटस्थ भूमिका मांडायचे, आणि लागू मात्र देव ही संकल्पनाच टाकून द्या म्हणायचे. दोघं एकाच व्यासपीठावर, मतभेद उघड ठेवून. आज असं व्यासपीठ कुठे आहे ते आम्हाला दाखवा. तर असा माणूस सत्तरी ओलांडल्यावर सॉक्रेटिस करणार म्हटल्यावर आम्ही तयारीनिशी तक्रार घेऊन गेलो होतो. कारण प्लेटोच्या 'अपॉलॉजी'तला सॉक्रेटिस निरीश्वरवादी नाही. तो न्यायालयात सांगतो, की मला लहानपणापासून एक दैवी आवाज ऐकू येतो, चुकीचं पाऊल टाकताना तो मला अडवतो. हा आवाज काढून टाकला तर सॉक्रेटिस आपल्यासारखा होतो, सोयीचा.

आमची तक्रार अर्धी खरी ठरली. प्रेक्षक लागूंना बघायला आले होते, आणि अंधश्रद्धेला टोला बसला की टाळी पडत होती. अथेन्समध्ये सॉक्रेटिसला टाळ्या पडल्या नव्हत्या. प्लेटो लिहितो की गोंगाट झाला. ज्या सॉक्रेटिसमुळे आपण कुणीच अस्वस्थ होत नाही, आपण ज्यूरीत बसलो आहोत असं वाटतच नाही, त्या सॉक्रेटिसमध्ये काहीतरी कमी आहे. 'नटसम्राट'च्या वेळी जे झालं तेच पुन्हा झालं. प्रेक्षक फार लवकर नायकाच्या बाजूला जाऊन बसला.

पण लागूंनी काय केलं? दुसरा बोलत असताना त्यांनी ऐकलं. एवढंच. अठराव्या शतकातल्या दिदरोने नटाबद्दल एक कोडं मांडलं होतं, की थोर नट स्वतः काहीच अनुभवत नाही, म्हणूनच तो रोज रात्री तेच दुःख दाखवू शकतो. आम्ही पुष्कळ वर्षं लागूंना या कोड्याचा पुरावा म्हणून वर्गात वापरलं. डॉक्टर, थंड डोक्याचा, बुद्धीने नाटक करणारा. ते चूक होतं. बुद्धी म्हणजे थंडपणा, हा गैरसमज आमचा होता, त्यांचा नव्हे. सत्तरीच्या त्या देहाने, जरा ओढलेल्या आवाजाने, समोरच्याचं म्हणणं खरोखरच बरोबर असू शकेल अशा तयारीने ऐकणारा माणूस आम्ही रंगमंचावर त्याआधी पाहिला नव्हता. सांगायला वाईट वाटतं, वर्गातही नाही. टाळ्या वाक्यांना पडत होत्या. दोन वाक्यांच्या मधे काय चाललं आहे ते शांत होतं.

त्यांच्या आत्मचरित्राचं नाव 'लमाण'. लमाण म्हणजे इथला माल तिथे पोचवणारा. नट म्हणजे नाटककाराचा माल प्रेक्षकापर्यंत नेणारा, असा त्यातला विनय. आम्हाला तो पुरता पटत नाही. लमाण मालात ढवळाढवळ करत नाही. लागूंनी ती वारंवार केली. बेलवलकरांत अहंकार घातला, गुरुजींच्या त्यागात लाज मिसळली, मोदींच्या पैशात सभ्यता ओतली. माल पोचला, पण वजन बदलून.

चिठ्ठी आली आहे, वेळ झाली म्हणून. एक गोष्ट राहिली. दत्ता भट, सतीश दुभाषी यांनीही पुढे बेलवलकर केले, आणि त्यांचे चाहते इथे असणारच. दत्ता भटांचा अधिक मायाळू होता असं आमच्या थोरल्या बंधूंचं ठाम मत होतं. त्यावरून आमचं दिवाळीला भांडण व्हायचं. वडील ऐकत बसायचे. एकदा त्यांना विचारलं, "तुम्हाला कोणता आवडला?" तर म्हणाले, "मी ते नाटक परत बघितलं नाही. तो दारूडा मास्तर मात्र दोनदा पाहिला."

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागे आवाज येतोय ना?